तबकडीतील गाणे

गाणे ऐकणाऱ्यास अधिक प्रिय काय असते? ध्वनीचा स्वच्छपणा, की प्रत्यक्ष गाणे? या प्रश्नाचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात सापडते.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन मुद्रित करण्यात आले. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोनचा उपयोग त्या काळी होत नसे. गायकास एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी राहून मोठ्या आवाजात गावे लागे. त्या आवाजाने कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरीत जाई. तिच्यावरून ठसा घेऊन लाखेच्या तबकड्या तयार होत. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी अशी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तासभर रंगणारा राग तेवढ्यात आटोपावा लागे. शिवाय अतिखोल व अतिउंच ध्वनी मुद्रित होत नसत. तंबोऱ्याचा झंकार बहुधा लोपून जाई; सुईची खरखर मात्र अखंड ऐकू येई.

तरीही त्या तबकड्यांनी श्रोत्यांची मने जिंकली. कर्नाटकातील भीमसेन जोशी नावाच्या मुलाने उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातील ठुमरी लाखेच्या तबकडीवर ऐकली. आपल्यालाही असे गाता आले पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांनी त्यास विद्या दिली. खरखरीपलीकडचा सूर त्या मुलाच्या कानांनी अचूक टिपला होता.

मग स्वच्छ ध्वनी निरुपयोगी म्हणावा काय? तसे नाही. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि हळुवार स्वरही टिपता येऊ लागले. १९४८ साली दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. भीमसेनांचे विस्तृत राग पुढे अशाच तबकड्यांवरून घरोघर पोचले. तंबोऱ्याचा झंकार आणि डग्ग्याचा घुमार हीदेखील गाण्याचीच अंगे होत. ती ऐकू आली नाहीत, तर गाणे अपुरे राहते. उत्तम यंत्र ती आपणांपर्यंत आणून पोचविते.

परंतु ज्याचे सारे लक्ष यंत्राचे गुणदोष मोजण्यात गुंतते, त्याच्या कानांवरून सूर नकळत निघून जातो. स्वच्छ ध्वनी लाभल्यास तो आनंदाने घ्यावा. न लाभल्यास जुनी तबकडी दूर न सारता कान अधिक एकाग्र करावा.