संकेतस्थळाचा पहारा : फाइलींचे ठसे

पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर काही आठवड्यांतच, जून १९९८ मध्ये, मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ परक्यांनी बदलले. ‘मिलवर्म’ नावाच्या तरुणांच्या टोळीने दूरदेशी बसून केंद्राच्या संगणकांत प्रवेश मिळविला आणि मूळ पानाच्या जागी चाचण्यांच्या निषेधाचा मजकूर लावला. हा बदल मिरविण्यासाठीच केलेला असल्यामुळे तो सर्वांना दिसला. परंतु सर्वच बदल असे उघड नसतात. २०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरील एका फाइलीत थोड्याशा ओळी घुसडून प्रवाशांच्या क्रेडिट कार्डांचे तपशील चोरण्यात आले. पाने पूर्ववतच दिसत होती. म्हणून सुमारे दोन आठवडे कोणाला संशयही आला नाही.

संकेतस्थळ म्हणजे संगणकावर साठविलेल्या शेकडो, कधी हजारो फाइलींचा समूह होय. त्यांतील एक ओळ बदलली, तर ते कसे ओळखावे? प्रत्येक फाइल रोज वाचून पाहणे मनुष्यास अशक्य आहे. यासाठी प्रत्येक फाइलीपासून गणिताने एक लहानशी खूण काढतात. तिला आपण ‘ठसा’ म्हणू.

ठसा कसा असावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वर्णमालेतील व्यंजनांत ‘क’ पहिला, ‘म’ पंचविसावा व ‘ल’ अठ्ठाविसावा आहे. ‘कमल’ या शब्दातील क्रमांकांची बेरीज ५४ होते. परंतु ‘कलम’ या शब्दाचीही तीच होते. अर्थात नुसती बेरीज निरुपयोगी ठरली. आता प्रत्येक क्रमांकास अक्षराच्या स्थानाने गुणून बेरीज केली, तर ‘कमल’ची १३५ व ‘कलम’ची १३२ येते, आणि बदल उघडकीस येतो. तथापि ही युक्तीही चतुर माणूस सहज चुकवील. म्हणून प्रत्यक्षात फार गुंतागुंतीच्या रीती वापरतात. ‘एसएचए-२५६’ या रीतीने फाइल कितीही मोठी असली, तरी ठसा २५६ द्विमान अंकांचाच निघतो. आणि फाइलीत एक अक्षर बदलताच त्यांपैकी सुमारे निम्मे अंक पालटतात. ‘एमडी५’ ही जुनी रीत मात्र आता विश्वसनीय राहिलेली नाही. निरनिराळ्या फाइलींचा एकच ठसा निघू शकतो, हे २००४ साली चिनी संशोधकांनी दाखवून दिले.

या तत्त्वावर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम व युजीन स्पॅफर्ड यांनी १९९२ साली ‘ट्रिपवायर’ ही आज्ञावली रचली. संकेतस्थळ निर्दोष असतानाच सर्व फाइलींच्या ठशांची यादी करावयाची, पुढे ठरावीक वेळाने नवे ठसे काढून ते यादीशी ताडून पाहावयाचे, आणि फरक आढळल्यास व्यवस्थापकास सूचना द्यावयाची, असे तिचे कार्य आहे. नव्याने आलेली किंवा नाहीशी झालेली फाइलही अशा ताळ्यात सापडते.

यात तीन पथ्ये पाळावी लागतात. यादी त्याच संगणकावर उघडी ठेवू नये. अन्यथा चोर फाइलीबरोबर यादीही बदलील. अधिकृत दुरुस्ती केल्यावर यादी लगेच नवी करावी. नित्य बदलणाऱ्या नोंदवह्या तपासणीतून वगळाव्यात; कारण वरचेवर खोटी हाक देणाऱ्या पहारेकऱ्याकडे पुढे कोणी लक्ष देत नाही.

ही तपासणी चोरास अडवीत नाही, हे विसरता कामा नये. अडविण्याचे काम कुलपांचे, म्हणजे सांकेतिक शब्दांचे व वेळच्या वेळी केलेल्या दुरुस्त्यांचे आहे. आणि बिघडलेली फाइल पूर्ववत करण्यास तिची सुरक्षित प्रत अन्यत्र असावी लागते. परंतु फाइल बिघडली आहे हे कळल्यावाचून ती पूर्ववत करण्याचा उपाय योजला जात नाही. ते वेळीच कळविणे, हेच ठशांचे कार्य होय.