शिक्षा झाली म्हणजे सगळं संपलं का?

 

गेल्या महिन्यात गटाची बैठक उठल्यावर एक कातकरी ताई मागे थांबली. दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, भावाला दोन वर्षांची सजा झाली. आता संपलंच ना सगळं?" भाऊ वीस वर्षांचा. विहिरीवरची मोटार चोरल्याचा गुन्हा. पकडल्यापासून तो आतच होता, कारण जामीन राहायला कुणी मिळालं नाही.

मी पहिला प्रश्न विचारला, "निकाल कधी लागला?"

"बारा दिवस झाले."

म्हटलं, मग रडू नको. अजून अठरा दिवस आपल्या हातात आहेत.

हा हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवा. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाने शिक्षा दिली, तर सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, तर उच्च न्यायालयात जायला ६० दिवस. फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवसच. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यात धरत नाहीत. मुदत टळलीच, तर उशिराचं खरं कारण लिहून माफी मागता येते. अगदी किरकोळ शिक्षेवर मात्र अपील नसतं.

कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट मिळते. तुरुंगात असलेला माणूस आपलं अपील तुरुंग अधीक्षकांच्या हाती देऊ शकतो. ते कोर्टात पोचवणं हे त्यांचं काम. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणूस, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस आणि कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो.

ताईला आणखी एक भीती होती. "अपील केलं आणि सजा वाढली तर?" आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, किंवा उच्च न्यायालयाला स्वतःहून तशी नोटीस काढावी लागते. तेव्हाही आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं.

आता मुद्द्याचं. अपिलात दोन वेगळ्या गोष्टी मागता येतात. एक, "गुन्हा मी केलाच नाही." दुसरी, "गुन्हा शाबित झाला असेल, पण शिक्षा जास्त आहे." या दुसऱ्या मागणीत माणूस कोण आहे, कसा वाढला, हे बघितलं जातं.

मी ताईला भावाचं लहानपण विचारलं. आठव्या वर्षापासून आईबापाबरोबर कोळशाच्या भट्टीवर आणि वीटभट्टीवर. शाळा दुसरीतच सुटली. बाप वारला, उचल अंगावर राहिली. म्हटलं, "हे कोर्टाला सांगितलं का?" ती म्हणाली, "आम्हाला कुणी विचारलंच नाही."

खरं तर विचारायला हवं होतं. दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं वेगळं ऐकायचं, असं कायदाच सांगतो. हे ऐकणं नावापुरतं नको, आरोपीला आपली परिस्थिती पुराव्यानिशी मांडता आली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितलं. फाशीच्या खटल्यांत आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, मनाची अवस्था यांची माहिती सुरुवातीलाच गोळा करा, असं २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. तरी पुष्कळदा "गरीब आहे, दया करा" एवढ्यावरच सगळं आटोपतं.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळ आदिवासी समाजाच्या एका माणसाची शिक्षा सरकारच्या अपिलावर वाढवली गेली. २०१३ मध्ये तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवला. दारू आणि मारहाण बघत वाढलेल्या मुलावरचा परिणाम वय वाढलं म्हणून पुसला जात नाही, असं ते कोर्ट म्हणालं. पण निव्वळ आदिवासी आहे म्हणून सूट नाही, त्या माणसाचं स्वतःचं आयुष्य पुराव्याने दाखवावं लागेल, हेही सांगितलं.

आपल्याकडे तर जातीवरून उलटा अन्याय झालेला आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. नाशिकच्या एका खून खटल्यात भटक्या समाजातल्या सहा मजुरांना २००६ मध्ये फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे कळलं, की त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून भलतीच चार माणसं ओळखली होती, हेही उजेडात आलं. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. पण तोवर तुरुंगात गेलेली वर्षं कोण परत देणार?

म्हणून कागद जमवा. वयाचा दाखला सगळ्यांत आधी. निकालाच्या दिवशी वय २१ च्या आत असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणे कोर्टाने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो, आणि तुरुंगात पाठवायचं तर त्याची कारणं लिहायची असतात. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा हा अधिकार अपिलाच्या कोर्टालाही आहे. मग शाळेच्या नोंदी, जातीचा दाखला, दवाखान्याचे कागद, कामाला नेणाऱ्या मुकादमाची माहिती. आणि सुटून आल्यावर कुठे राहील, काय काम करील, हे सांगणारी माणसं. इथे गटाच्या बायकांचा शब्द कामी येतो. मात्र जे खरं आहे तेवढंच लिहून द्या.

ज्याची मोटार गेली तो शेतकरीही आपल्यातलाच आहे. त्याचं उभं पीक वाळलं असेल. परिस्थिती सांगायची म्हणजे त्याचं नुकसान खोटं ठरवायचं नाही. परिवीक्षेवर सोडतानाही कोर्ट भरपाई द्यायला लावू शकतं, आणि ते रास्तच आहे. आपलं मागणं एवढंच, की शिक्षा ठरवताना तराजूच्या दोन्ही पारड्यांत जे घालायचं ते घातलं जावं.

त्या ताईचं अपील एकविसाव्या दिवशी दाखल झालं, भावाच्या वयाच्या दाखल्यासकट. निकाल यायचा आहे.

तुमच्या वस्तीवर असं कुणी असेल, तर आजच निकालाची तारीख विचारा. मोफत वकिलासाठी १५१०० या नंबरवर फोन करा, किंवा पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. एकटीला पाठवू नका, गटातली एक जण सोबत जा.