रबिंगपूर्वी रंग ओळखा

पळस्पे फाट्याला पुण्याच्या रस्त्यापासून गोव्याचा रस्ता फुटतो, त्यामुळे पनवेलच्या गॅरेजांत नाना कंपन्यांच्या गाड्या पॉलिशला येतात. कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, सर्वांवर एकच कंपाउंड चालवू नका.

जुन्या पद्मिनी-ॲम्बेसेडरवर साधा रंग असे. घासला की फडक्याला लागे आणि चमकही झटकन येई. आता बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कमी. रबिंग करताना फडक्याला रंग लागला नाही तर हा कोटच झिजतो आहे असे समजावे.

त्यातही मऊ-कडक भेद आहे. मर्सिडीजने २००३ मध्ये अतिसूक्ष्म कणांचा कडक क्लिअर आणला. त्यावर ओरखडे कमी उठतात, पण उठलेले काढताना हात दुखतात. मऊ क्लिअर लवकर खुलतो आणि तितक्याच लवकर चरतो. काळ्या गाडीवर मशीनचे गोल व्रण उन्हात लगेच दिसतात.

गिऱ्हाईक घाई करते, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी आधी वीतभर जागेवर बारीक कंपाउंड लावून पाहावे. न भागल्यास जाड घ्यावे. बॉनेटच्या कडेवर मशीन थांबवू नये. तिथला कोट उडाला की पॉलिशने भरून येत नाही. सारे बॉनेट पुन्हा रंगवावे लागते, तेही आपल्याच मजुरीतून.