पेजमेकर ठेवायचा की सोडायचा?

गेल्या मार्च महिन्यात एका सकाळी आमच्या छापखान्यातला जुना संगणक सुरूच झाला नाही. नाशिक शहरातल्या या लहानशा छापखान्यात आम्ही हिशेब लिहितो, बिले काढतो, उधारीसाठी कागदवाल्याची समजूत घालतो. पाने लावण्याचे काम आमच्या ऑपरेटर ताई करतात. एकोणीस वर्षे त्या त्याच खुर्चीवर बसतात. १४ एप्रिल तोंडावर आलेला. जयंती मंडळांची पत्रके, पावतीपुस्तके, लग्नपत्रिका, एका पतसंस्थेचा अहवाल, सगळे त्या एका यंत्रात अडकलेले. दुरुस्तीवाला मुलगा आला, पॉवर सप्लाय बदलला, तीन तासांनी पडदा उजळला. जाताना तो म्हणाला, "काका, यात अजून विंडोज एक्सपी आहे. मदरबोर्ड गेला तर माझ्याच्याने होणार नाही. माल मिळत नाही आता."

त्याच संध्याकाळी मालकांनी आम्हाला आत बोलावले. "भाऊसाहेब, तुम्ही बी.कॉम. झालेले. हिशेब मांडून सांगा, नवे सॉफ्टवेअर घ्यायचे की आहे ते ओढायचे?"

महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान छापखान्यांत आजही पेजमेकरवरच पाने लागतात आणि आपल्या समाजातली अनेक मुले-मुली डीटीपीच्या कामावर घर चालवतात. म्हणून त्या चौकशीत आम्हाला जे कळले ते येथे सांगत आहोत.

पेजमेकर आला १९८५ साली. अमेरिकेतल्या सिएटल शहरातील अल्डस नावाच्या कंपनीने तो काढला. व्हेनिसच्या एका जुन्या मुद्रकाच्या नावावरून कंपनीचे नाव ठेवलेले. पुढे १९९४ साली अडोबीने अल्डस विकत घेतली. शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ सालची, आणि २००४ साली अडोबीने पेजमेकरवरचे पुढचे काम थांबवले. म्हणजे ज्या हत्यारावर आम्ही भाकरी कमावतो त्याला वीस वर्षांहून अधिक काळ कोणी धार लावलेली नाही. त्याच्या खालची जमीनही सरकली. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी.

मग लोक सोडत का नाहीत? पैसा हे एक कारण आहेच, पण मोठे कारण आपल्या मराठीत आहे.

पेजमेकर इंग्रजीसाठी बनलेला. त्याच्या काळात एका फाँटमध्ये जेमतेम २५६ खाने असत. आपल्याकडच्या श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा पॅकेजांनी इंग्रजी अक्षरांच्या त्याच खान्यांत देवनागरीचे तुकडे बसवले. एक खाना अर्ध्या 'क'ला, एक कान्याला, एक रफाराला. दिसायला मराठी, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचेच कडबोळे. शिवाय प्रत्येक पॅकेजची खान्यांची मांडणी वेगळी. आमची फाईल दुसऱ्या छापखान्यात नेली आणि तिथे आमचा फाँट नसला तर पानभर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. या खटाटोपाला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्यानेच नव्वदच्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली, हेही सांगितले पाहिजे. आणि त्याच वेळी शिशाचे खिळे भंगारात किलोवर गेले, हेही. आमच्या लहानपणी पाहिलेले जुळारी, केसकडे न बघता बोटांनी खिळा उचलणारे, पुढे कुठे गेले याची चौकशी कोणी केली नाही.

युनिकोडचा मार्ग वेगळा. त्यात जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'क'चा क्रमांक २३२५. फाँट कोणताही लावा, 'क' हा 'क'च राहतो. देवनागरीला त्यात १९९१ पासून जागा आहे, पण पाने लावणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरे नीट जुळवता यायला बराच काळ गेला. अडोबीचे इनडिझाइन १९९९ साली आले. भारतीय लिप्यांची सोय त्यात रीतसर मिळाली ती २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत. गंमत अशी की पेजमेकरची फाईल थेट उघडण्याची सोयही त्याच सीएस६ पर्यंत होती. त्यानंतरच्या आवृत्त्यांतून ती काढून टाकली. एका दारातून मराठी आत आली आणि दुसऱ्या दारातून आमची जुनी कामे बाहेर राहिली.

आता हिशेब. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की आपले. हिशेबात ते भांडवली खर्चात धरायचे आणि दरवर्षी घसारा काढायचा. आयकरात संगणक व सॉफ्टवेअरवर ६० टक्के घसारा बसे. २०१३ पासून अडोबीने नव्या आवृत्त्या भाड्यावर द्यायला सुरुवात केली. भाडे हा चालू खर्च, त्यावर १८ टक्के जीएसटी. कंपोझिशन योजनेत असलेल्या छापखान्याला त्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. लग्नसराईत हे भाडे जाणवत नाही. पावसाळ्यात, जेव्हा दिवसभरात दोन व्हिजिटिंग कार्डे छापली जातात, तेव्हा जाणवते. आणि भाडे थांबवले तर आपणच केलेली फाईल आपल्याला त्यात उघडता येत नाही.

स्क्रायबस नावाचे एक सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याची १.६ आवृत्ती २०२४ साली आली, ती देवनागरी जोडाक्षरे जुळवते. घरी शिकणाऱ्या मुलांनी खुशाल त्यावर हात बसवावा. आमची अडचण अशी की मोठ्या गिऱ्हाइकांकडून इनडिझाइनच्या फायली येतात आणि त्या यात उघडत नाहीत. तिसरा मार्ग बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. एक जण म्हणाला, "पाचशे द्या, मी टाकून देतो, आयुष्यभर चालेल." रोज दुसरे शील म्हणायचे आणि दुकानात चोरीची प्रत चालवायची, हे आम्हाला जमण्यासारखे नव्हते. मालकांना आम्ही शीलाचे नाही, व्हायरसचे कारण सांगितले. तेही खरेच आहे.

खरा प्रश्न मात्र हिशेबाच्या वहीत नव्हता. मालकांच्या नात्यातला एक तरुण बैठकीला हजर होता. तो म्हणाला, "नवे सॉफ्टवेअर घ्या आणि नवा मुलगाही घ्या. ताईंना बाइंडिंगला बसवा. या वयात त्यांना युनिकोड यायचे नाही." बाइंडिंगचा पगार निम्म्याहून कमी. ताईंच्या घरी एक मुलगी नर्सिंगला, सासूबाई अंथरुणावर. दरवाजा उघडाच होता, त्यांनी ऐकले असणार. दुपारी डबा खाताना त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, टायपिंगच्या परीक्षेपासूनचा कीबोर्ड बोटांत बसलाय. तो कसा पुसू?"

आम्हाला त्या वेळी वाटले होते की युनिकोड म्हणजे सरकारमान्य इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि तो नव्याने शिकण्याला इलाज नाही. दोन रविवार चौकशी केली तेव्हा समजले की तसे नाही. युनिकोडमध्येही जुन्या टंकलेखन यंत्रासारखा कीबोर्ड बसवता येतो. टंकलेखन यंत्रावर 'कि' लिहिताना आधी वेलांटी मारायची आणि मग 'क'. युनिकोडमध्ये आधी 'क' साठवला जातो, मग वेलांटी. पण ही अदलाबदल कीबोर्डचे सॉफ्टवेअर परस्पर करते, बोटांना जुनीच सवय चालते. ताईंनी आमच्या घरच्या लॅपटॉपवर बसून एक परिच्छेद टाइप केला. तीन चुका झाल्या. आम्ही तो कागद छापून मालकांच्या टेबलावर ठेवला आणि खाली हिशेब लिहिला: नव्या मुलाला आपली गिऱ्हाइके, त्यांचे नमुने, त्यांच्या खोडी समजायला किमान सहा महिने, ताईंना नवे मेनू समजायला तीन. तो तरुण काही बोलला नाही. मालकांनी कागद दोनदा वाचला.

ठरले ते असे. एक नवा संगणक, त्यावर एका वर्षासाठी इनडिझाइन. जुने यंत्र मोडीत काढायचे नाही. त्याचे इंटरनेट तोडून ते कोपऱ्यात चालू ठेवायचे, कारण आमच्या मराठी पॅकेजचे डाँगल ज्या मोठ्या पोर्टात बसते तो पोर्ट नव्या संगणकाला नसतोच. जुन्या सगळ्या फायलींच्या पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवायच्या. मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा तो काम परत आले तरच. आणि तीन महिने ताईंचा पगार कमी करायचा नाही. हे शेवटचे आम्ही कागदावर लिहून घेतले.

पीडीएफचा आग्रह आमचा. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी. खिळ्यांवर छापलेले ते अंक कोणाकोणाच्या पेटीत टिकले, म्हणून १९९० साली महाराष्ट्र शासनाला ते एकत्र ग्रंथरूपाने काढता आले. कागदाला डाँगल लागत नाही. आमच्या मंडळाची २००५ ची स्मरणिका मात्र, फाईल हाताशी असूनही, कोपऱ्यातल्या त्या एका यंत्राशिवाय उघडत नाही.

जे पालक मुलांना डीटीपीच्या क्लासला घालतात त्यांनी फी भरण्यापूर्वी एकच विचारावे, मराठी युनिकोडमध्ये शिकवता का? फाँटांची चणचण आता नाही. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त', आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हे फुकट मिळतात. फक्त 'ल' आणि 'श' यांच्याकडे लक्ष ठेवावे. शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' सांगितला आहे. काही फाँट हिंदी वळणाची अक्षरे देतात. काहींत सॉफ्टवेअरमध्ये मराठी भाषा निवडली की वळण बदलते.

ताई आता नव्या संगणकावर बसतात. वेग अजून पूर्वीचा नाही. जयंतीची गर्दी जुन्या यंत्रावरच काढली, ते मध्ये दोनदा बंद पडले. गेल्या महिन्यात त्याच २००५ च्या स्मरणिकेची नवी आवृत्ती काढायची म्हणून मंडळाचे कार्यकर्ते आले. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला, तर आकड्यांच्या जागी चिन्हे आली आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. 'कार्यकर्ते'चे सगळीकडे 'कायर्कर्ते' झाले. मुद्रिते आम्ही घरी नेतो, जेवणानंतर पेन्सिल घेऊन बसतो. काल अठरा पाने झाली. आणखी शेहेचाळीस आहेत.