आय-सेव्हन मोठा की आय-थ्री नवा?

गटाच्या हिशेबासाठी जुना कॉम्प्युटर घ्यायचा ठराव होतो, आपण दुकानात जातो आणि दुकानदार म्हणतो, "ताई, हा आय-सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या." शेजारीच आय-थ्री ठेवलेला असतो. सात हा आकडा तीनपेक्षा मोठा, म्हणून आपल्यालाही तोच चांगला वाटतो. पण पैसा गटाचा आहे, एकेकीनं दर महिन्याला साठवलेला. डोळे उघडे ठेवूनच तो खर्च करायला हवा. म्हणून आज आपण हे आकडे समजून घेऊ.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधली आकडेमोड करणारी चिप. बेरीज असो, पत्र असो की फोटो, सगळं तिच्याकडूनच होतं. इंटेल कंपनीच्या चिपांवर आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन असं लिहिलेलं असतं. ही त्या त्या पिढीच्या मालाची प्रत झाली. आय-सेव्हन म्हणजे त्या पिढीतला वरच्या प्रतीचा माल. पण ती पिढी कुठली, हे 'सात' या आकड्यावरून कळत नाही.

आता खरी जोडी घेऊ. आय-सेव्हन २६०० ही चिप २०११ साली आली. ती दुसऱ्या पिढीची. आय-थ्री १२१०० ही २०२२ साली आली. ती बाराव्या पिढीची. दोन्हींत चार-चार कोअर, म्हणजे काम करणारे चार-चार भाग. गिगाहर्ट्झ म्हणतात तो वेग जुन्या चिपचा ३.४ आणि नवीचा ३.३. गरज पडली तर जुनी ३.८ पर्यंत जाते, नवी ४.३ पर्यंत. कागदावर दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. तरीही एकाच कोअरचं काम दिलं, तर नवी आय-थ्री ते जुन्या आय-सेव्हनच्या जवळपास निम्म्या वेळात उरकते.

असं का होतं? लग्नघरी पोळ्या लाटायला बसलेल्या चौघी डोळ्यांसमोर आणा. कोअर म्हणजे या चौघी. गिगाहर्ट्झ म्हणजे लाटण्यावर हात किती भराभर फिरतो ते. पण हात कितीही भराभर फिरला, तरी एका पोळीला किती फेरे लागतात हेही बघावं लागतं. नव्या पिढीची चिप प्रत्येक फेऱ्यात जास्त काम उरकते. शिवाय तिचे उंडे हाताशी जास्त असतात, सारखं परातीकडे वळावं लागत नाही. चिपच्या आतल्या या हाताशी ठेवलेल्या साठ्याला कॅश म्हणतात. तो जुनीत ८ एमबी आहे, नवीत १२ एमबी. म्हणून पिढ्या वेगळ्या असतील तर नुसत्या गिगाहर्ट्झवरून तुलना करायची नाही.

दुसरी गोष्ट विजेची. जुनी चिप भरपूर कामात ९५ वॅटच्या हिशेबाची, नवी ६० वॅटची. घाईच्या कामात नवीही थोडा वेळ ८९ पर्यंत जाते. पण काम लवकर संपवून ती शांत होते. भारनियमनात कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालवायचा असेल, तर हा फरक जाणवतो.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. विंडोज १० चं नेहमीचं साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ साठी इंटेलची चिप साधारणपणे आठव्या पिढीची किंवा त्यापुढची लागते. दुसऱ्या पिढीचा आय-सेव्हन त्यात बसत नाही. गटाचे बँकेचे व्यवहार त्या कॉम्प्युटरवरून होणार असतील, तर ही बाब वेगापेक्षा मोठी आहे.

मग जुना कॉम्प्युटर टाकाऊच का? तसं नाही. कॉम्प्युटर संथ वाटतो तेव्हा दोष बरेचदा चिपचा नसतो, जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिथे एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, तर जुनी चिपही पत्रं आणि हिशेब नीट करते. लिनक्स ही मोफत प्रणाली त्यावर चालते, तिच्यात मराठीही लिहिता येतं. फक्त त्याची किंमत जुन्या मालाचीच द्यायची, 'सेव्हन' या नावाची नाही. आणि दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवून बघताना दोन्हींत एसएसडी आणि सारखी रॅम आहे ना, ते आधी विचारायचं. नाहीतर डिस्कचा वेग आपण चिपच्या नावावर मांडू.

पिढी ओळखायची कशी? कॉम्प्युटर सुरू करून 'धिस पीसी' वर माउसचं उजवं बटण दाबा, 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे चिपचं पूर्ण नाव दिसतं. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या अशा क्रमांकातले शेवटचे तीन आकडे झाका. उरेल ती पिढी. २६०० मधून उरतात २, १२१०० मधून उरतात १२. क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी 'एफ' अक्षर असेल, तर पडद्यावर चित्र दाखवायला वेगळं कार्ड लागतं, तेही विचारून घ्या. लॅपटॉपच्या क्रमांकांची रीत थोडी वेगळी असते. तिथे दुकानदाराला सरळ विचारा, "कितवी पिढी?"

पैसे देण्याआधी आपल्या हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन तिथेच उघडून बघा. चिपचा पूर्ण क्रमांक, रॅम आणि डिस्क बिलावर लिहून घ्या. तेच गटाच्या इतिवृत्तातही नोंदवा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद असेल.