सांगोल्याच्या उन्हात कोणता प्रोसेसर?

एएमडी रायझन ७ ७८००एक्स३डी (एप्रिल २०२३): ८ कोअर, १६ थ्रेड, पण एल-३ कॅश तब्बल ९६ एमबी. गेमचा डेटा चिपमध्येच हाताशी राहतो, रॅमकडच्या खेपा वाचतात. निव्वळ गेमिंगसाठी हाच घ्यावा.

इंटेल कोअर आय७-१४७००के (ऑक्टोबर २०२३): २० कोअर (८ वेगवान, १२ काटकसरी), २८ थ्रेड, कॅश ३३ एमबी. लग्नाचे व्हिडिओ रेंडर करायला हा सरस. मात्र पूर्ण ताणावर २५३ वॉटपर्यंत वीज ओढतो. रायझनचा टीडीपी १२० वॉट. सांगोल्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा फरक खोलीतच जाणवतो. दमदार कूलर आणि यूपीएस हवेतच. बायोसही अद्ययावत करून घ्या: जादा व्होल्टेजचा दोष मान्य करून इंटेलने २०२४मध्ये दुरुस्ती दिली, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली.