झूम नसलेला दीड लाखाचा कॅमेरा

तुकोबारायांची पालखी सणसर, अंथुर्णे मागे टाकून निमगाव केतकीत मुक्कामाला येते, त्या दिवशी गावात माणसांपेक्षा मोबाईल जास्त असावेत असं वाटतं. अलीकडे त्या गर्दीत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. गळ्यात अडकवलेला, जुन्या सिनेमातल्यासारखा चंदेरी-काळा छोटा कॅमेरा. फुजीफिल्मचा एक्स-१००, रिकोचा जीआर, क्वचित एखाद्या मुंबईकराकडं लायका क्यू. किंमत कळली की प्रतिक्रिया दोनच. पहिली, 'झूम पण नाही? गंडवलं तुला.' दुसरी, 'दीड लाख घातलेत म्हणजे फोटोचा नाद करायचा नाय.' दोन्ही चुकीच्या. पण पहिलीमुळं एखादा चांगला कॅमेरा फक्त दुकानात पडून राहतो. दुसरीमुळं घरातले पैसे जातात.

आधी झूमचं पाहू. लेन्स काढता न येणारा कॅमेरा आणि झूम नसलेला कॅमेरा, या दोन गोष्टी लोक एकच धरतात. सोनीच्या आरएक्स-१०० मालिकेची लेन्स निघत नाही, पण तिला झूम आहे. एक्स-१०० मध्ये मात्र २३ मिमीची एकच लेन्स आहे. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात ती ३५ मिमी भरते. रिको जीआर-थ्री २८ मिमीवर, तर त्याचा भाऊ जीआर-थ्री-एक्स ४० मिमीवर बसवलेला आहे. हे काटकसर म्हणून केलेलं नाही. लेन्स कायमची जोडायची ठरली की ती त्या एकाच सेन्सरसाठी घडवता येते, तिची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ नेता येते आणि सगळा ऐवज लहान राहतो. जीआर-थ्री बॅटरीसकट २५७ ग्रॅमचा आहे, सदऱ्याच्या खिशात मावतो. एक्स-१०० सिक्स ५२१ ग्रॅमचा. त्याला खिसा पुरत नाही, मग जाहिरातीत काहीही दाखवोत.

आणि हे फॅडही नवं नाही. बडोद्यात तयार होणारा अग्फा क्लिक-थ्री ज्या घरात होता, त्या घरातल्या बारशापासून बाराव्यापर्यंतचे फोटो एकाच लेन्सनं काढलेले आहेत, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. पुढं कोडॅकचा केबी-१० आला, त्यालाही झूम नव्हता. तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. फोटोग्राफर चार पावलं पुढं सरकायचा आणि 'जवळ जवळ या' म्हणून ओरडायचा.

खरा प्रश्न झूमचा नाही, अंतराचा आहे. तो सोडवायला निमगाव केतकीइतकी सोयीची जागा नाही. गावाजवळच कडबनवाडीचं माळरान आहे. तिथं चिंकारा आहेत, वन विभागाची सफारीही आहे. समजा, शंभर मीटरवर चिंकारा उभा आहे. ३५ मिमीच्या लेन्समध्ये तेवढ्या अंतरावर चौकटीची रुंदी साधारण १०३ मीटर भरते. चिंकाऱ्याची लांबी धरा एक मीटर. म्हणजे एक्स-१०० सिक्सच्या ७,७२८ पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्या बिचाऱ्याच्या वाट्याला पंचाहत्तरेक पिक्सेल येणार. गवतात एक तपकिरी ठिपका. तिकडं ६०० मिमीची लेन्स लावली तर तीच चौकट सहा मीटरवर येते. भिगवणच्या फ्लेमिंगोंचं गणित हेच. त्यामुळं पक्षी-प्राण्यांच्या नादानं कुणी हा कॅमेरा घेत असेल तर त्याला दुकानाच्या दारातूनच परत आणावं.

आता दुसरं टोक. हा भाग पानमळ्यांचा. शेवरी-हादग्यावर चढवलेले वेल, दोन ओळींत जेमतेम माणूस जाईल एवढी जागा, वर हिरवं छत, खाली गार ओल. बऱ्याच मळ्यांत आजही पायतण बाहेर काढून आत जावं लागतं. खुडणी करणारी बाई तुमच्यापासून दीड-दोन मीटरवर असते आणि मागं सरकायला वाव नसतो. इथं मोठी झूम लेन्स पानांत अडकते. ३५ किंवा २८ मिमीची लहान लेन्स तिचा चेहरा, हात आणि वरचा वेल एकाच चौकटीत घेते. उजेडही बेताचाच असतो. एफ-२ एवढं उघडणारं भिंग असेल तर तिचा हलता हात हलल्यासारखा दिसत नाही.

मधल्या अंतरासाठी कापाकापीची सोय आहे. चाळीस मेगापिक्सेलच्या फोटोतला मधला भाग ७० मिमी भरेल इतका कापला तरी दहाएक मेगापिक्सेल उरतात. त्यातून १२ बाय ८ चा प्रिंट स्वच्छ निघतो. घरच्या भिंतीला आणि दिवाळी अंकाच्या पानाला तेवढं पुरतं. मेगापिक्सेलचा उपयोग एवढाच. चेहऱ्यावर पडलेला वाईट उजेड चाळीस मेगापिक्सेलमध्येही वाईटच दिसतो.

'मग मोबाईल काय वाईट आहे?' अजिबात वाईट नाही. भर उन्हात, फोनच्या पडद्यावरच पाहायचं असेल तर हा फोटो फोनचा की कॅमेऱ्याचा, हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही. फरक सेन्सरच्या आकाराचा आहे. एक्स-१०० आणि जीआरमधला सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा असतो. महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला बहुधा १० बाय ७ च्या आसपास, म्हणजे या कॅमेऱ्यांचं क्षेत्रफळ त्याच्या सुमारे पाचपट. कमी उजेडात फोन ही उणीव एकापाठोपाठ एक चौकटी जोडून भरून काढतो. समोर देवळाची कमान असेल तर ते बेमालूम जमतं. समोर पावली खेळणारी दिंडी असेल तर हात-पाय पुसट होतात. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वीणेच्या तारांशी आणि टाळांच्या दोरीशी हमखास गडबड करतो, कारण तिथं काचेचं काम गणितावर सोपवलेलं असतं. उलट पाऊस लागला तर चांगला फोन निर्धास्त वापरता येतो. या कॅमेऱ्यांचं तसं नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज इथंच आहे. 'लेन्स निघतच नाही, मग धूळ शिरेल कुठून?' शिरते. जीआर किंवा आरएक्स-१०० सुरू केला की लेन्स बाहेर येते, बंद केला की आत जाते. या प्रत्येक हालचालीत हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर माती. हा मुलूख पर्जन्यछायेतला. आषाढात पालखी येते तेव्हा पाऊस असेलच असं नाही, पण धुरळा नक्की असतो. बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व धावले की उडणारी माती डोळ्यांत जाते, तशी कॅमेऱ्यातही जाते. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात ब्लोअरनं फुंकर घालून सेन्सर साफ करता येतो. इथं सेन्सरपर्यंत हातच पोचत नाही. एक कण बसला की सर्व्हिस सेंटर गाठा, कॅमेरा उघडा, पैसे मोजा. जीआर-थ्रीत सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय आहे, पण चिकटून बसलेल्या कणापुढं तिचं काही चालत नाही.

एक्स-१०० ची लेन्स आत-बाहेर होत नाही, म्हणून तो त्यातल्या त्यात बरा. २०२० च्या एक्स-१०० व्ही पासून त्याला धूळ-पाण्यापासून संरक्षण असल्याचं सांगतात. मात्र ते तेव्हाच पूर्ण होतं, जेव्हा लेन्सपुढं एक रिंग आणि तिच्यावर फिल्टर बसवलेला असतो. या दोन वस्तू खोक्यात येत नाहीत, वेगळ्या घ्याव्या लागतात. दीड लाखाच्या वस्तूवर एवढी कंजुषी का, हे मला आजवर उमगलेलं नाही. लायका क्यू-थ्रीला आयपी-५२ दर्जा आहे. म्हणजे रिमझिम चालेल, सर नाही. पावसाळा सरल्यावर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवणं ही आणखी एक खोड. चामडं ओल धरतं आणि भिंगावर बुरशी चढते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं बास आहे.

भर दुपारी फ्लॅश कशाला, असंही विचारतात. डोक्यावर फेटा, वर तळपतं ऊन, चेहरा काळा: वारीतल्या निम्म्या फोटोंचं हेच होतं. इथं या लहान कॅमेऱ्यांचं लेन्समध्येच बसवलेलं शटर कामाला येतं. मोठ्या कॅमेऱ्यांचं पडद्याचं शटर साध्या फ्लॅशबरोबर सेकंदाच्या दोनशे-अडीचशेव्या भागापर्यंतच चालतं. त्यामुळं उन्हात छिद्र बारीक करावं लागतं आणि छोट्या फ्लॅशचा उजेड पोचत नाही. एक्स-१०० सिक्सवर आयएसओ १२५, एफ-४ आणि सेकंदाचा दोन हजारावा भाग लावून अंगचाच फ्लॅश मारा. मीटरभरावरच्या माणसाचे डोळे फेट्याखाली दिसू लागतात. जीआर-थ्रीत फ्लॅश नाही, तो वरून लावावा लागतो.

'लग्नाच्या दोन ऑर्डरी घेतल्या की वसूल!' हे तर विसराच. मांडवाच्या टोकावरून स्टेज गाठता येत नाही, कार्डाचा खण एकच असल्यानं दुसरी प्रत राहत नाही आणि जीआरची बॅटरी दोनशेच्या आसपास फोटोंत मान टाकते. करिझ्मा अल्बमवाल्या फोटोग्राफरच्या पिशवीत हा कॅमेरा असला तरी तो त्याच्या स्वतःच्या हौसेचा असतो.

कॅमेरा लहान, आवाज नाही, म्हणजे कुणाचाही फोटो गुपचूप काढावा, हा समज सगळ्यांत वाईट. मुक्कामाच्या गावी पहाटे टँकरपाशी, विहिरीपाशी उघड्यावर आंघोळी चालतात, त्यात बायाही असतात. तो क्षण टिपणं ही कला नाही. स्त्रीचं असं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतं. एरवी वारकरी फोटोला नाही म्हणत नाहीत. 'माउली, फोटो काढू का?' एवढं विचारायला लागतं, आणि मीटरभरावर जाणाऱ्यानं ते विचारलंच पाहिजे.

राहिला गुंतवणुकीचा भ्रम. एक्स-१०० व्ही समाजमाध्यमांमुळं अचानक गाजला, माल मिळेना आणि जुने कॅमेरे नव्याहून जास्त दरानं विकले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स-१०० सिक्स आला, त्याचीही लोकांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली. त्यावरून 'भाव चढतच राहतो' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो टंचाईचा भाव होता. बॅटरी म्हातारी होते, नवं मॉडेल येतं आणि शेवटी ते इलेक्ट्रॉनिक यंत्रच असतं.

जुना घेणार असाल तर देणाऱ्यासमोरच एक चाचणी करा. छिद्र एफ-१६ वर न्या, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोकस सोडून फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून कोपरान्‌कोपरा तपासा. करडे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ आहे. साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. नवा घेत असाल तर हजारभर वाचवायला बिनबिलाचा घेऊ नका. भारतातली वॉरंटी त्या बिलावरच मिळते, आणि ज्या कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही त्याला कधीतरी सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागते.